कीटो आहार दुसऱ्यांदा सुरू केल्यावर वजन का हलत नाही?

पहिल्या खेपेस पंधरा दिवसांत चार किलो वजन उतरलेले असते. कपडे सैल होतात, परिचितांच्या ते लक्षात येते, उत्साह दुणावतो. पुढे लग्नसराई, प्रवास, आजारपण किंवा निव्वळ कंटाळा आड येतो आणि पोळी-भात पुन्हा ताटात येतो. वर्ष-दीड वर्षात उतरलेले वजन बहुतांशी भरून येते. मग तोच आहार, तीच पदार्थांची यादी आणि तोच निश्चय. परंतु या वेळी महिना उलटला तरी वजनकाट्यावरील आकडा किलो-दीड किलोच्या पलीकडे सरकत नाही. कीटोजेनिक आहाराकडे परतणाऱ्या अनेकांचा हा अनुभव आहे. आपल्या शरीराला आता हा आहार लागू पडत नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. काही जण आहार सोडून देतात, तर काही जण तो अधिक कडक करून उपाशी राहू लागतात.

हा निष्कर्ष शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. शरीर दोन्ही वेळा जवळजवळ एकाच रीतीने वागत असते. फसवी असते ती पहिल्या वेळची आठवण.

मुळात हा आहार वजन उतरवण्यासाठी तयार झालेला नव्हता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी तो सुचवला आणि त्याला 'कीटोजेनिक', म्हणजे कीटोन निर्माण करणारा, हे नाव दिले. उपवासाने झटके कमी होतात, हे तेव्हा ठाऊक होते. उपवासात शरीरात जे घडते ते जेवण चालू ठेवून घडवता येईल का, असा त्यामागील विचार होता. फेनिटॉइनसारखी औषधे १९३८ नंतर उपलब्ध झाली आणि हा आहार मागे पडला. मात्र औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात बालकांसाठी तो आजही वापरला जातो. वजन उतरवण्यासाठी कर्बोदके तोडण्याची लाट न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या १९७२ मधील पुस्तकाने आणली. आज कीटो या नावाने ओळखला जाणारा आहार बराचसा त्याच वाटेवरचा आहे.

या आहारात दिवसभरातील कर्बोदके साधारणतः २० ते ५० ग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवली जातात. शिजलेल्या भाताच्या एका मोठ्या वाटीतच सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती आखूड आहे याची कल्पना येते. शर्करेचा पुरवठा आटल्यावर यकृत स्निग्धांशापासून कीटोन तयार करते आणि मेंदूसह बहुतेक अवयव त्या इंधनावर काम करू लागतात.

पहिल्या आठवड्याचे गणित

शरीर शर्करेचा काही साठा ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत राखून ठेवते. प्रौढ व्यक्तीत हा साठा सर्वसाधारणपणे ४०० ते ५०० ग्रॅम असतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवलेले असते. कर्बोदके थांबली की काही दिवसांत हा साठा बराचसा संपतो आणि त्याच्याबरोबरचे पाणीही बाहेर पडते. याशिवाय इन्शुलिनची पातळी उतरल्यामुळे मूत्रपिंडे अधिक मीठ बाहेर टाकतात आणि मिठाबरोबर आणखी पाणी जाते. दोन-तीन किलोची घट अशा रीतीने चरबीला फारसा धक्का न लागताच होऊ शकते.

हे पडताळून पाहणे अवघड नाही. शरीरातील एक किलो चरबी वितळण्यासाठी सुमारे ७,७०० उष्मांकांची, म्हणजे रूढ भाषेत कॅलरींची, तूट पडावी लागते. आठवड्यात तीन किलो चरबी जायची तर रोज ३,३०० उष्मांकांची तूट हवी. बहुतेक माणसांचा दिवसभराचा एकूण खर्चही तेवढा नसतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातील ती नेत्रदीपक घट चरबीची असणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या खेपेस हा देखावा पुष्कळदा घडत नाही. कारण परतणारी व्यक्ती बहुधा पूर्ण भात-पोळीच्या आहारावरून परतत नाही. मधल्या काळात साखर कमी केलेली असते, रात्रीचा भात सोडलेला असतो, आठवड्यातील चार दिवस कीटो आणि तीन दिवस सैल असा कारभार चालू असतो. पाण्याचा साठा आधीच अर्धवट असल्याने उतरायला पाणीच कमी असते. शनिवार-रविवार सूट घेणाऱ्यांच्या बाबतीत तर तेच दोन किलो पाणी सोमवारनंतर उतरते, रविवारी परत चढते आणि महिनाभराच्या 'घट-वाढी'त चरबी जागची हलत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. वजन जास्त असलेल्या १७ पुरुषांना संशोधन-कक्षात ठेवून चार आठवडे भरपूर कर्बोदकांचा आणि नंतरचे चार आठवडे तितक्याच उष्मांकांचा कीटोजेनिक आहार देण्यात आला. आहार बदलताच वजन झपाट्याने उतरले, इन्शुलिनही घटले. परंतु चरबी कमी होण्याचा वेग वाढला नाही, उलट सुरुवातीला तो मंदावला. सहभागी थोडे होते आणि कालावधी अल्प होता, ही या अभ्यासाची मर्यादा मान्य करावी लागते. तरीही काट्यावरील आकडा आणि शरीरातील चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

भुकेची आठवण

वजन एकदा उतरून पुन्हा चढलेले शरीर अगदी पूर्वीसारखे नसते, ही दुसरी बाब. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले होते. पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावर त्यांच्या शरीरात चरबी लवकर भरून आली, स्नायू मात्र सावकाश. आहार कडक, प्रथिने तुटपुंजी आणि व्यायाम नाही, अशा रीतीने वजन उतरवून ते पुन्हा वाढू दिले, तर आकडा पूर्वीचाच असूनही त्यातील स्नायूंचा वाटा कमी झालेला असू शकतो. विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यात स्नायूंचा वाटा मोठा असल्याने दैनंदिन खर्चही मग काहीसा घटतो.

भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. मुळातच स्नायूंची पुंजी बेताची असलेल्यांनी ती प्रत्येक खेपेस थोडी थोडी गमावणे परवडणारे नसते.

भुकेचा प्रश्न याहून चिवट आहे. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार दिला होता. त्यानंतर वर्ष उलटून गेल्यावरही तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन त्यांच्यात पूर्वीपेक्षा कमी होते, भूक चाळवणारे घ्रेलिन अधिक होते आणि त्यांना जाणवणारी भूकही वाढलेलीच होती. कीटो आहारात भूक काहीशी दबते, हे खरे आहे आणि त्याचे यश पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते. मात्र पहिल्या खेपेच्या नवलाईत जी भूक जाणवत नाही, ती दुसऱ्या खेपेस जाणवू शकते.

वयाला मात्र फारसा दोष देता येत नाही. 'चाळिशीनंतर चयापचय मंदावते' हे वाक्य सर्रास ऐकू येते. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या मोजमापांवर आधारलेल्या अभ्यासात शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने ऊर्जेचा खर्च वयाच्या विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर असल्याचे आढळले. वयाबरोबर चालणे-फिरणे आणि झोप घटते, हा भाग वेगळा.

तुपाचा हिशेब

कीटोन तयार होत आहेत म्हणजे चरबी वितळत आहे, हा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे. कीटोन ताटातील तुपापासूनही तयार होतात. शरीराला रोज लागणारी ऊर्जा खाल्लेल्या स्निग्धांशातूनच भागली, तर पोटावरील साठ्याला हात लावण्याचे कारण उरत नाही. लघवीत बुडवायच्या पट्टीचा जांभळा रंग पाहून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय शरीर या आहाराला सरावल्यावर त्या पट्टीचा रंग फिका पडू शकतो. त्याचा अर्थ आहार बिघडला असाच होतो, असे नाही.

एक मोठा चमचा तूप म्हणजे सुमारे १३० उष्मांक. मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम, शेंगदाण्यांत सुमारे २८० आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे ३०० उष्मांक असतात. सकाळच्या कॉफीत दोन चमचे लोणी आणि संध्याकाळी टीव्हीसमोर शेंगदाणे, एवढ्यानेच सुमारे ५०० उष्मांक होतात आणि दिवसाची सगळी तूट भरून निघते. पहिल्या खेपेस नवखेपणामुळे प्रत्येक पदार्थ तोलून-मापून घेतला जातो. दुसऱ्या खेपेस 'आता सारे ठाऊक आहे' असा आत्मविश्वास असतो आणि स्वयंपाकघरातील छोटा काटा कपाटातच राहतो.

कर्बोदकांच्या बाबतीतही असेच घडते. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात पाऊण वाटीपेक्षा कमीच दूध आणि एकच चमचा साखर, एवढे गृहीत धरले तरी ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जातात. काजूत बदामापेक्षा कितीतरी अधिक कर्बोदके असतात. आमटीला लावलेले डाळीचे पीठ, टोमॅटो-कांद्याचे दाट वाटण यांचाही हिशेब धरावा लागतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन 'आज काही खाल्ले नाही' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शाकाहारी व्यक्तींची अडचण आणखी वेगळी आहे. डाळी-उसळी कर्बोदकांमुळे वर्ज्य ठरल्या की प्रथिनांचा मुख्य आधारच निघून जातो आणि ताटात तूप, साय व पनीर यांचीच भर पडते.

औषधे बदललेली असतात

वजन न उतरणे ही गैरसोय आहे. पुढील बाब मात्र जिवावर बेतू शकते. पहिल्या खेपेस बरेच जण डॉक्टरांना विचारतात. दुसऱ्या खेपेस विचारत नाहीत, कारण हा आहार एकदा करून झालेला असतो. परंतु मधल्या दोन-तीन वर्षांत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांचे निदान होऊन नवी गोळी सुरू झालेली असू शकते. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्तवण्यात आला होता.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून भारतात ते स्वस्त झाले असून त्याचा वापरही वाढला आहे. ही औषधे चालू असताना कर्बोदके अचानक तोडली तर रक्तात कीटोन आम्लांचे प्रमाण घातक पातळीपर्यंत वाढण्याचा धोका संभवतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांमुळे उद्भवणाऱ्या अशा आम्लतेबाबत २०१५ मध्येच इशारा दिला होता. यातील फसवा भाग असा की घरच्या यंत्रावर साखर जवळजवळ सामान्य दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे आणि विलक्षण थकवा ही लक्षणे कीटोच्या सुरुवातीच्या त्रासासारखीच भासतात आणि रुग्ण लिंबू-मीठ-पाणी घेत घरीच पडून राहतो. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांना साखर एकाएकी उतरण्याचा, तर रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना रक्तदाब घसरून भोवळ येण्याचा धोका असतो. गर्भवती स्त्रियांनी आणि स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा आहार स्वतःच्या जबाबदारीवर सुरू करू नये. उलटपक्षी, वजन न उतरण्याचे कारणही कधी कधी औषधांच्या डब्यातच सापडते. स्टेरॉइड, इन्शुलिन, पायोग्लिटाझोन आणि मानसिक आजारांवरील काही औषधे वजन वाढवतात. दुर्लक्षित राहिलेला थायरॉइडचा विकारही त्यात भर घालू शकतो.

ज्यांना हाच आहार मानवतो, त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांतील आकडे हिशेबात न धरता तिसऱ्या आठवड्यापासून मोजणी करावी आणि वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजावा. आठवड्याला अर्धा किलो घट ही चरबीच्या दृष्टीने चांगली घट आहे, मग ती पहिल्या खेपेच्या तुलनेत कितीही क्षुल्लक वाटो. तूप आणि सुकामेवा काही दिवस तोलून घेतल्यास अडलेला आकडा पुष्कळदा हलतो. प्रथिने पुरेशी ठेवून आठवड्यातून दोन-तीन वेळा वजन उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा व्यायाम केल्यास स्नायू टिकण्यास मदत होते.

ज्यांना तो मानवत नाही, त्यांच्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ मधील अभ्यास दिलासादायक ठरावा. ६०९ व्यक्तींपैकी काहींना कमी कर्बोदकांचा, तर काहींना कमी स्निग्धांशाचा आहार वर्षभर देण्यात आला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलोने, तर दुसऱ्याचे ५.३ किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या दखलपात्र नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भाज्या भरपूर खाण्यास सांगितले होते. भारतीय माणसाला दिवसभरातील उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून मिळतात, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले आहे. ६२ वरून २० ग्रॅमच्या कीटोपर्यंत एकदम उडी घेण्यापूर्वी दोन पोळ्यांची एक करणे आणि उरलेल्या जागी उसळ वाढून घेणे, हाही मार्ग मोकळा आहे. त्यासाठी लघवीची पट्टी लागत नाही. मधुमेहाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना मात्र तेव्हाही कळवावे लागते.