तीन कुलांचा एक मासा

सुरवंट आणि फुलपाखरू ही एकाच कीटकाची रूपे आहेत, हे आपण मुलांना सहज सांगून जातो. पण समजा, कोशातून बाहेर पडणारे फुलपाखरू कोणी पाहिलेच नसते आणि दोघांचे मृत नमुने तेवढे बाटल्यांत घालून आपल्या हाती दिले असते, तर? आपण त्यांना खुशाल वेगवेगळ्या गटांत घातले असते. खोल समुद्रातल्या काही माशांच्या बाबतीत असेच घडले.

१८९५ साली गुड आणि बीन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी व्हेलफिश या माशांचे वर्णन केले. डोके आणि जबडा देवमाशासारखा अवाढव्य, म्हणून हे नाव. हा मासा साधारण एक हजार मीटरपेक्षा खोल, गडद अंधारात राहतो. डोळे अगदी क्षीण. श्रोणिपक्ष, म्हणजे पोटाकडची परांची जोडी, नाही. मात्र पाण्यातली हालचाल टिपणारी पार्श्वरेषा चांगली रुंद असते. या माशांचे कुल सेटोमिमिडी.

१९५६ साली फीतशेपट्या माशांसाठी मिरापिनिडी हे कुल मांडले गेले. हे चिमुकले मासे वरच्या दोनशे मीटर पाण्यात सापडतात. त्यांचे तोंड वर वळलेले असते. काहींच्या शेपटीला शरीराच्या कितीतरी पट लांब फीत असते. पुढे १९६६ साली मेगॅलोमिक्टेरिडी हे तिसरे कुल आले. यातले मासे जेमतेम बोटभर लांबीचे, पण घ्राणेंद्रिय मात्र प्रचंड. त्यांना आपण नाकाडे म्हणू.

कुले तीन झाली, पण एक गोष्ट खटकत होती. व्हेलफिशचे शेकडो नमुने तपासले, तर सगळ्या माद्या! नाकाडे पाहावेत, तर सगळे नर. आणि फीतशेपट्यांत एकही प्रौढ नाही.

शंका होती, पण पुरावा मिळवणे अवघड होते. संग्रहालयांतले जुने नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले. अशा नमुन्यांतून डीएनए मिळवणे फार कठीण असते. २००३ साली जपानी संशोधकांना एका फीतशेपट्याचा तंतुकणिकांमधला डीएनए व्हेलफिशच्या डीएनएशी जवळजवळ तंतोतंत जुळलेला आढळला. मग डेव्हिड जॉन्सन, जॉन पॅक्स्टन, मासाकी मिया आणि सहकाऱ्यांनी रूपांतर चालू असलेले नमुने तपासले. डीएनए आणि शरीररचना दोन्ही पडताळून २००९ साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केला: फीतशेपटे ही पिल्ले, नाकाडे हे नर आणि व्हेलफिश या माद्या. तिन्ही मिळून कुल एकच, सेटोमिमिडी.

हा बदल केवढा मोठा! पिल्लू वरच्या पाण्यात कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव भरपूर खाते. मादी होताना जबडा लांब व आडवा होतो आणि मोठे भक्ष्य पकडता येते. नर मात्र खाणेच सोडतो. त्याची अन्ननलिका आणि जठर नाहीसे होतात. पिल्लूपणी खाल्लेल्या कोपेपॉडांतली ऊर्जा बहुधा त्याच्या भल्यामोठ्या यकृतात साठते आणि त्या शिदोरीवर तो उरलेले आयुष्य काढतो.

वर्गीकरणाचे तक्ते आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण तक्त्यातला प्रत्येक रकाना हा त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावरून केलेला तर्क असतो. इथे तो रकाना मोडला, कारण कोणीतरी साधे प्रश्न विचारले: यांचे नर कुठे आहेत? यांची पिल्ले कुठे आहेत? मोर, लांडोर, बेडूक, बेडकाचे डिंभ, सुरवंट आणि फुलपाखरू यांची चित्रे मुलांपुढे ठेवा आणि पूर्वीचे सारे विसरून गट पाडायला सांगा. मग त्यांच्याकडूनही असेच प्रश्न येतात का, ते पाहा.