राक्षसराजाचा अखेरचा सवाल

जपानमधील क्योतो शहराच्या वायव्येस सुमारे ८३० मीटर उंचीचा ओए पर्वत आहे. जपानी लोककथांतील सर्वांत बलाढ्य राक्षस म्हणून ओळखला जाणारा शुतेन-दोजी याच पर्वतावर राज्य करीत होता, अशी आख्यायिका आहे. त्याच्या वधाची कथा शौर्यगाथा म्हणून सांगितली जाते. मात्र, या गाथेच्या अखेरीस मरणारा राक्षसच विजेत्या वीरांवर कपटाचा आरोप करतो आणि त्या आरोपाला कथेत उत्तर मिळत नाही.

कथेचा काळ सम्राट इचिजो याच्या राजवटीचा (इ.स. ९८६ ते १०११) आहे. राजधानीतील तरुण-तरुणी अचानक नाहीशा होऊ लागल्या. दरबारी ज्योतिषी आबे नो सेइमेइ याने हे ओए पर्वतावरील राक्षसाचे कृत्य असल्याचे सांगितले. मोहिमेची जबाबदारी मिनामोतो नो योरिमित्सू ऊर्फ राइको या सरदारावर सोपविण्यात आली. राइको (इ.स. ९४८ ते १०२१) ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. त्सुना, किंतोकी, सुएताके व सादामित्सू हे त्याचे चार अनुयायी बौद्ध परंपरेतील चार लोकपालांच्या नावाने ओळखले जातात. फुजिवारा नो होशो हा त्यांचा सहावा साथीदार होता.

समोरासमोरच्या युद्धात राक्षस हरणार नाही, हे ओळखून सहाही जणांनी डोंगरात तप करणाऱ्या संन्याशांचा वेश घेतला. वाटेत वृद्धांच्या रूपात भेटलेल्या देवतांनी त्यांना एक शिरस्त्राण आणि माणसाला बळ देणारे, पण राक्षसाला विषासमान ठरणारे मद्य दिले. वाट चुकलेले संन्यासी समजून शुतेन-दोजीने त्यांना आश्रय दिला व नरमांसाचे ताट पुढे केले. संशय येऊ नये म्हणून राइकोने तेही खाल्ले.

‘शुतेन’ म्हणजे मद्यपी. मद्याच्या अमलाखाली या यजमानाने पाहुण्यांना आपली कहाणी सांगितली. पूर्वी आपण हिएइ पर्वतावर राहत होतो. साइचो या भिक्षूने तेथे मठ उभारला आणि आपल्याला हुसकावून लावले, असे तो म्हणाला. तो गाढ झोपी गेल्यावर वीरांनी त्याच्यावर घाव घातला. राक्षसांना असले कपट ठाऊक नसते, असे सुनावत त्याने प्राण सोडला. धडावेगळे झालेले शिर राइकोच्या मस्तकावर झेपावले, पण देवतांच्या शिरस्त्राणामुळे तो बचावला.

या कथेचा सर्वांत जुना सचित्र पट चौदाव्या शतकातील असून तो ओसाका प्रांतातील इत्सुओ कलासंग्रहालयात आहे. राक्षसवधासाठी वापरल्याचे मानले जाणारे ‘दोजीगिरी’ खड्ग तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात असून त्याला ‘राष्ट्रीय ठेवा’ असा दर्जा आहे.

हा राक्षस नेमका कोण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इ.स. ९९४ च्या सुमारास राजधानीत देवीच्या साथीने थैमान घातले होते. त्या रोगदेवतेचेच हे रूप असावे, असे मत इतिहासकार ताकाहाशी मासाआकी यांनी मांडले. राजसत्तेला न जुमानणाऱ्या डोंगरी टोळ्यांना ‘राक्षस’ ठरविण्यात आले असावे, असे इतर काही जण मानतात. तसे असेल, तर हिएइ पर्वतावरून झालेल्या हकालपट्टीची कहाणी आणि अखेरचा आरोप हे पराभूतांचे कथेत शिल्लक राहिलेले म्हणणे ठरते.

लोकमानसानेही या राक्षसाला पुरते झिडकारले नाही. अपवित्र शिर राजधानीत नेता येत नसल्याने ते क्योतोच्या वेशीवरील ओइनोसाका घाटात पुरले, असे स्थानिक परंपरा सांगते. मरताना त्याला पश्चात्ताप झाला आणि मानेवरच्या व्याधींनी पीडित असलेल्यांना साहाय्य करण्याचे वचन त्याने दिले, अशी श्रद्धा आहे. ज्याचे शिर कपटाने उडविले, त्याच्याच समाधीपुढे डोकेदुखी बरी व्हावी म्हणून आजही हात जोडले जातात.