विजेवर क्षार धरणारी व सोडणारी पॉलिमर फिल्म

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांचा पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे विहिरीला पाणी लागते, परंतु अनेक ठिकाणी ते पिकास देण्याजोगे नसते. त्यामुळे विजेच्या साह्याने पाण्यातील क्षार धरणाऱ्या फिल्मविषयी माहिती असणे उपयुक्त ठरेल.

आयन विनिमय म्हणजे काय?
काळ्या जमिनीतील चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. त्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियमचे धनभारित आयन धरलेले असतात. खारे पाणी दिल्यास सोडियम हा कॅल्शियमची जागा घेतो, मातीची घडण बिघडते आणि जमीन चोपण होते. जिप्सम टाकल्यास उलट क्रिया घडते. या अदलाबदलीलाच आयन विनिमय म्हणतात.

फिल्मचे कार्य
पॉलिपायरोलसारखे काही पॉलिमर वीजवाहक असतात. (वीजवाहक पॉलिमरच्या शोधास २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) धातूच्या किंवा कार्बनच्या पट्टीवर अशी फिल्म चढविताना तिच्यात मोठे ऋणभारित रेणू अडकवितात. पट्टीस ऋण दाब दिला की पॉलिमरवरील धन भार नाहीसा होतो. मग अडकलेल्या ऋण भाराचा तोल राखण्यासाठी पाण्यातील सोडियम आत येतो. दाब उलटा केला की तो बाहेर पडतो. मोठ्या रेणूंऐवजी क्लोराईडसारखे लहान आयन असल्यास फिल्म क्लोराईडची देवाणघेवाण करते. पाणी मृदू करणाऱ्या नेहमीच्या रेझिनप्रमाणे ही फिल्म मिठाच्या द्रावणाने धुवावी लागत नाही.

शेतासाठी मर्यादा
एक एकरास ५ सें.मी. पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. लिटरला २ ग्रॅम क्षार असल्यास एका पाळीत ४ क्विंटल क्षार शेतात येतात. पातळ फिल्म एका वेळी फारच थोडे क्षार धरते. शिवाय काढलेले क्षार नष्ट होत नाहीत. ते खाऱ्या सांडपाण्यात येतात. ते पुन्हा शेतात किंवा नाल्यात सोडल्यास फायदा काय? म्हणून 'खारे पाणी गोडे करणारे' कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: दिवसाला किती क्षार निघतात, व ते जातात कोठे? यंत्रात येणाऱ्या व त्यातून निघणाऱ्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत.

सध्या काय करावे?
१) दरवर्षी विहिरीच्या पाण्याची क्षारता व सोडियमचे प्रमाण तपासावे.
२) शेततळ्यातील पावसाचे पाणी संरक्षित ओलितासाठी वापरावे.
३) माती परीक्षणानुसारच जिप्सम टाकावे व निचऱ्यासाठी चर काढावेत. सुटा झालेला सोडियम मुळांच्या थराबाहेर गेला नाही, तर जिप्समवरील खर्च वाया जातो.