पृथ्वीवरील जीवसृष्टीचा आरंभ आणि आपला क्षारसमुद्र

(शब्बाथ सुटल्यानंतर सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या नातीने निवडला. ती दहावीत शिकते. गेल्या महिन्यात तिने मला विचारले, "आजोबा, तुम्ही एवढी वर्षे मृत समुद्रावर काम केलेत. तिथे काहीच जगत नाही ना? मग पृथ्वीवर सगळेच निर्जीव होते तेव्हा पहिला जीव आला तरी कसा?"

हाच प्रश्न सुमारे तीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलाने, मला विचारला होता. मी रसायनशाळेत काम करणारा माणूस. मला थोडेफार ठाऊक होते. पण घरात वाद नको, वडीलधाऱ्यांना वाईट वाटायला नको, म्हणून मी त्याला म्हणालो, "परीक्षेपुरते लिही आणि विसरून जा." त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. खरे सांगायचे तर त्यानंतर त्याने मला असा कोणताच प्रश्न विचारला नाही. या वेळी मुलीला माझ्याकडे त्यानेच पाठविले. तेव्हा आजचे हे बोलणे म्हणजे तीस वर्षे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. बेरेशीथचा पहिला अध्याय आपण दरवर्षी नव्याने वाचावयास घेतो. त्याचा अर्थ सांगण्यासाठी मी उभा नाही. तो अधिकार रब्बींचा. खडकांत, पाण्यात आणि पेशींत माणसाला जे आढळले, तेवढेच मी सांगणार आहे.

नातीच्या प्रश्नातील पहिली चूक मी आधी दुरुस्त केली. आपल्या हिब्रू भाषेत त्या पाण्याला कोणी मृत म्हणत नाही. याम हामेलाख म्हणजे मिठाचा समुद्र, आपल्या जुन्या मराठीतला क्षारसमुद्र. 'मृत' हे विशेषण इतरांनी लावले आणि शतकानुशतके सर्वांनी ते खरे मानले. त्या पाण्यात मिठाचे प्रमाण महासागराच्या सुमारे दहापट आहे; तिथे मासा जगत नाही, शेवाळाचा तंतू दिसत नाही. तेव्हा शंका घेण्याचे कारणच काय? परंतु बेंजामिन एलाझारी वोल्कानी नावाच्या तरुण संशोधकाने ती शंका घेतली. त्याने तेथील पाणी आणि गाळ तपासला, आणि त्यात सूक्ष्म जीव जगतात व वाढतात, असे १९३६ साली जाहीर केले. पुढे तेथील गाळात सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाला हालोफेराक्स वोल्कानी असे त्याचेच नाव देण्यात आले.

मी स्वतः हे १९९२ साली डोळ्यांनी पाहिले. त्या हिवाळ्यात अतोनात पाऊस झाला. गोड्या पाण्याचा थर वर साचला, खारटपणा थोडा उतरला, आणि वसंत ऋतूत अख्खा समुद्र तांबूस झाला. प्रथम सूक्ष्म शैवाल वाढले, मग त्यावर पोसणारे लाल रंगाचे सूक्ष्मजीव. ते पाणी पाहताच मला माझे बालपण आठवले. मी जन्माने पेणचा. तेथील मिठागरांतही उन्हाळ्यात पाणी आटत आले की असाच तांबूस रंग चढे, आणि आता मीठ धरणार, असे आगरी लोक सांगत. तो रंग मिठाचा नव्हे, तर मिठात जगणाऱ्या जीवांचा, हे मला पेणमध्ये असताना कुणी सांगितले नव्हते.

आता आपण विचाराल, की हे जीव म्हणजेच पृथ्वीवरचे पहिले जीव काय? नाही. त्यांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो, आणि आरंभीच्या पृथ्वीवर मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हताच. म्हणजे ते बरेच नंतर आलेले. तरीही पहिल्या जीवांची एक खूण ते अंगात वागवितात. ती खूण आपल्या प्रत्येकाच्याही अंगात आहे.

१९७७ साली अमेरिकेत कार्ल वूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ज्यांना आपण सरसकट जीवाणू म्हणत होतो त्यांत दोन अगदी निराळी घराणी आहेत. क्षारसमुद्रातील हे जीव दुसऱ्या घराण्यातले. त्यांना आर्किया म्हणतात. ही घराणी इतकी दूरची असूनही आर्किया, जीवाणू, गहू, उंट आणि माणूस यांच्या पेशींत काही गोष्टी समान आहेत. आनुवंशिक माहिती डीएनएच्या त्याच चार अक्षरांत लिहिलेली असते. ती वाचून प्रथिने बनविणारे यंत्रही मुळात एकच आहे. या यंत्राला रायबोसोम म्हणतात. एवढी सारखी गोष्ट सर्वांकडे आहे, याचा सरळ अर्थ असा, की ती सर्वांना एकाच प्राचीन पूर्वजाकडून मिळाली.

रायबोसोम करतो तरी काय? मणी ओवणारा कारागीर डोळ्यांसमोर आणा. त्याच्यासमोर वीस प्रकारचे मणी आहेत. ती अमिनो आम्ले. कोणता मणी कशानंतर ओवायचा याची चिठ्ठी त्याच्या हाती येते. ती चिठ्ठी आरएनएची, डीएनएवरून उतरवून घेतलेली. जीवाणूच्या पेशीतला हा कारागीर एका सेकंदात दहा-वीस मणी ओवतो. तयार झालेली माळ म्हणजे प्रथिन.

येथेच जुना पेच उभा राहतो: आधी कोंबडी की आधी अंडे? प्रथिने बनविण्याची माहिती डीएनएत. परंतु डीएनएची नक्कल करायला आणि ते वाचायला प्रथिनेच लागतात. मग पहिले कोण?

या पेचातून वाट दाखविली ती आरएनएने. १९८०च्या दशकाच्या आरंभी टॉमस चेक आणि सिडनी आल्टमन यांना स्वतंत्रपणे असे आढळले, की आरएनए केवळ निरोप्या नाही; तो प्रथिनांसारखे रासायनिक कामही करू शकतो. यासाठी दोघांना १९८९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माहिती साठविणारा आणि काम करणारा असा एकच पदार्थ असेल, तर आरंभी दोघांची गरजच नाही. हा विचार खरा असेल, तर त्याची खूण कुठेतरी राहिली असली पाहिजे.

ती खूण शोधून काढण्यात आपल्याच देशातील एका स्त्रीचा मोठा वाटा आहे. आदा योनाथ १९३९ साली येरुशलेममध्ये एका गरीब कुटुंबात जन्मल्या. रेहोवोथच्या वाइझमन संस्थेत त्यांनी रायबोसोमची रचना पाहण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी त्याचे स्फटिक करावे लागतात, आणि एवढ्या मोठ्या, लवचीक गोष्टीचा स्फटिक होणे अशक्य, असे जाणकार म्हणत. योनाथ यांनी कठीण परिस्थितीत राहणारे जीव निवडले, कारण त्यांचे रायबोसोम चिवट असणार. उष्ण पाण्यातले जीव त्यांत होते, आणि क्षारसमुद्रातला हालोआर्क्युला मारिसमॉर्तुई हाही होता. स्फटिक क्ष-किरणांनी नासत, म्हणून ते उणे १८५ अंशांपर्यंत थंड करण्याची युक्ती त्यांनी वापरली. सुमारे वीस वर्षांच्या खटाटोपानंतर, २०००-२००१च्या सुमारास, चित्र स्पष्ट झाले. २००९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना, अमेरिकेचे टॉमस स्टाइट्झ यांना आणि चिदंबरमला जन्मून वडोदऱ्यात शिकलेल्या वेंकटरमण रामकृष्णन यांना विभागून मिळाले. स्टाइट्झ यांच्या गटाने ज्याचे चित्र टिपले, तो मोठा भागही क्षारसमुद्रातल्या त्याच जीवाचा होता.

त्या चित्रात काय दिसले? जिथे एक मणी दुसऱ्याला जोडला जातो, नेमक्या त्या जागी प्रथिन नाही. तिथे केवळ आरएनए आहे. प्रथिने बनविणाऱ्या यंत्राचे हृदय प्रथिनांचे नाही! प्रथिने नंतर आली आणि भोवती बसली. योनाथ यांनी पुढे असे सुचविले, की मध्यभागातला आरएनएचा छोटा, दोन सारख्या अर्धुकांचा खिसा हाच आद्य रायबोसोमचा अवशेष असावा. २०२२ साली त्यांच्या गटाने तसे छोटे आरएनए प्रयोगशाळेत तयार केले, आणि त्यांतील काहींनी दोन अमिनो आम्ले जोडून दाखविली.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नाही. घशाला सूज आली की डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांपैकी एरिथ्रोमायसिनसारख्या अनेक गोळ्या जीवाणूंच्या रायबोसोमला अडवितात. त्यांचा आणि आपला रायबोसोम मूळचा एक, तरी कोट्यवधी वर्षांत थोडा वेगळा झालेला. त्या थोड्या फरकावर रोग्याचा प्राण वाचतो.

मणी ओवणारा सापडला. पण मणी कुठून आले? भारतात स्थायिक होऊन भारताचेच नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ साली, आणि त्याआधी रशियात ओपारिन यांनी, असे मांडले होते, की आद्य समुद्रात सेंद्रिय द्रव्ये आपोआप साचली असावीत. १९५३ साली शिकागोच्या स्टॅन्ली मिलर या तरुणाने आपले गुरू हॅरल्ड युरी यांच्याबरोबर योजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या पात्रात पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरून विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत त्यात अमिनो आम्ले तयार झाली. आद्य वातावरण नेमके तसे नव्हते, असे आता मानले जाते. परंतु मणी निसर्गात घडतात, याविषयी शंका उरली नाही. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केतही सत्तरांहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले सापडली.

मात्र आरएनएची पहिली साखळी कोठे जुळली, समुद्रतळीच्या उष्ण झऱ्यांपाशी की आटणाऱ्या-भरणाऱ्या डबक्यांत, यावर संशोधकांत आजही वाद आहे. प्रयोगशाळेत निर्जीवापासून संपूर्ण जीव कोणी घडविलेला नाही. हेही मी नातीला तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले. अर्धे सांगून अर्धे लपविणे ही पुन्हा माझी जुनीच चूक झाली असती.

आता काळाचा अंदाज घेऊ. येरुशलेमहून क्षारसमुद्राकडे उतरताना वाटेत 'समुद्रसपाटी' अशी पाटी लागते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तेथून किनारा ४३० मीटरांहून अधिक खाली आहे. एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षे असे धरा. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. म्हणजे तिचा जन्म किनाऱ्यापाशी, पाण्याच्या थोडा आत. पाटी म्हणजे आजचा दिवस. आता चढू लागा.

पाटीच्या सुमारे ३४८ मीटर खाली पश्चिम ऑस्ट्रेलियातील ते थरांचे खडक येतात, जे सूक्ष्मजीवांच्या चादरींनी रचले असे मानले जाते. म्हणजे जीवन लवकर आले. सुमारे २४० मीटर खाली हवेत प्राणवायू साचू लागला. सूर्यप्रकाशावर अन्न करणाऱ्या नीलहरित जीवाणूंनी तो सोडला होता. हवेत साचण्यापूर्वी समुद्रात विरघळलेले लोह तो गंजवीत राहिला, आणि ते लोह पट्ट्यापट्ट्यांनी तळाशी बसले. गोव्याच्या खाणींतले लोहखनिज अशाच प्राचीन पट्टेदार खडकांतले आहे. त्या काळच्या अनेक जीवांना प्राणवायू हे विषच होते. काही मेले, काही चिखलात दडले, काही त्याचाच उपयोग करावयास शिकले.

त्यानंतर एका पेशीने प्राणवायू वापरणाऱ्या एका जीवाणूला पोटात घेतले आणि पचविले नाही. दोघे एकत्र राहिले. आपल्या पेशींना ऊर्जा पुरविणारी मायटोकाँड्रिया म्हणजे त्या पाहुण्याचे वंशज. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हे मांडले, तेव्हा अनेकांना ते पटले नाही. पण त्या पाहुण्याचे स्वतःचे डीएनए आणि स्वतःचे रायबोसोम आजही आहेत. ते आपल्याला फक्त आईकडून मिळतात.

मोठे प्राणी पाटीच्या जेमतेम ५४ मीटर खाली विपुल दिसू लागतात. त्याआधीची सारी चढण सूक्ष्म जीवांची. डायनासोर साडेसहा मीटरांवर संपतात. आपण माणसे शेवटच्या तीन सेंटिमीटरांत. आणि नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांची नौका फुटली, त्याला दोन हजार वर्षे झाली असे मानले, तर ते अंतर एका मिलिमीटरचाही पाचवा हिस्सा भरते.

नातीने हे सारे ऐकले आणि विचारले, "मग आपण एवढे छोटे?" मी म्हणालो, "छोटे खरेच. पण ही सारी चढण मोजली कोणी? त्या तीन सेंटिमीटरांतल्यांनीच."

मंडळी, ज्या पाण्याला साऱ्या जगाने मृत म्हटले, त्यात एका माणसाने पाहिले म्हणून जीव सापडला. आपली मुले असे पाहू लागतील, विचारू लागतील, तेव्हा त्यांना गप्प करू नका. येत नसेल तर येत नाही म्हणा. आपण मिळून शोधू म्हणा. मी एकदा दार लावून घेतले होते. ते उघडावयास मला एक पिढी लागली. आज माझा मुलगा मागच्या बाकावर बसला आहे. व्याख्यानानंतर त्याला काही विचारावयाचे असेल, तर मी थांबणार आहे.