मेंदी केसाला, लोह रक्ताला

केस गळू लागले की हिवरा आश्रम परिसरातल्या भगिनी आधी मेंदी भिजवतात. खर्च थोडा, काम घरचे. मेंदी जरूर लावावी. पण ती काय करते आणि काय नाही, हे आपण समजून घेऊ.

मेंदीच्या पानातील लॉसोन हे रंगद्रव्य केसातील केराटिन या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे केस जाड, चमकदार दिसतो. मुळांवर मात्र तिचा उपचार होत नाही.

कृती : 100 ग्रॅम मेंदी चहाच्या कोमट पाण्यात 3-4 तास भिजवावी. लावताना दोन चमचे दही घालावे. धुतलेल्या, कोरड्या केसांना तासभर लावून साध्या पाण्याने धुवावे. महिन्यातून एकदा पुरे. जास्त लावल्यास केस कोरडे पडतात.

सावधान : शुद्ध मेंदीचा रंग तांबूस असतो. झटपट काळे करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी हे रसायन असते. त्याने खाज, फोड, चेहऱ्यावर सूज येऊ शकते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून 48 तास पाहावे.

केस मूठमूठ गळत असतील, थकवा व धाप असेल, तर रक्त तपासावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. लोखंडी कढईत मेंदी भिजवून लोह अंगी लागत नाही. त्याच कढईत भाजी शिजवली, तर थोडेफार लागते.