फ्लोरिडात घर आहे? एकदा माळ्यावर चढा!

विम्याचा हप्ता पाहून घाम फुटलाय? मग ‘विंड मिटिगेशन’ तपासणी करून घेतलीत का? वाऱ्याला तोंड देणाऱ्या बांधकामावर विमा कंपनीने सवलत द्यायचीच, असा फ्लोरिडाचा कायदा आहे. फक्त ती मागावी लागते: परवानाधारक तपासनीसाने भरलेला फॉर्म द्यायचा, तो ५ वर्षांपर्यंत चालतो.

खरी गंमत माळ्यावर. छताच्या कैच्या भिंतीला नुसत्या तिरक्या खिळ्यांनी ठोकल्यात, की धातूच्या पट्टीने आवळल्यात? वादळ छपराला दाबत नाही, वर उचलतं. म्हणून सगळा जीव या सांध्यात. आकारही बघतात. आपल्या कोकणातलं चौपाखी छप्पर तिथे ‘हिप रूफ’ म्हणून भाव खातं, दुपाखी मागे पडतं. (आजोबा खूश झाले असते!)

शटर लावताना कंजुषी नको. दहा खिडक्या झाकल्या नि अकरावी उघडी ठेवली, तर गुण त्या अकरावीवरूनच ठरतात.

आणि हो, सवलत हप्त्यातल्या वाऱ्याच्या हिश्शावरच मिळते, सगळ्या रकमेवर नाही.