चिखलात पडणाऱ्यांची बाजू

टीव्हीवर कुणी पाण्यात आपटलं, चिखलात लोळलं, गुबगुबीत भिंतीवर आदळलं की 'हे जपान्यांचं' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. टीव्हीवर नियमित लिहिणारी जाणती मंडळीही तेच म्हणतात आणि वर 'दुसऱ्याची फजिती पाहण्यात जपानी माणसाला सुख वाटतं' असा निष्कर्ष ठोकून मोकळी होतात. या निष्कर्षाशी माझं भांडण जुनं आहे आणि या लेखातही ते मी सोडणार नाही.

आधी घराणी नीट लावून घेऊ. 'फिअर फॅक्टर' आणि त्याच्यावरून आलेला आपला 'खतरों के खिलाडी' यांचं मूळ नेदरलँड्समध्ये. 'सर्व्हायव्हर' स्वीडनचा. उलट 'शार्क टँक इंडिया' पाहताना जपानचं नाव कुणाच्या ओठावर येत नाही. पण त्याचं मूळ निप्पॉन टीव्हीनं 2001 साली सुरू केलेल्या 'मनी नो तोरा'त आहे. तिथून तो 'ड्रॅगन्स डेन' होऊन ब्रिटनला गेला, मग अमेरिकेत आणि शेवटी आपल्याकडे. चिखल दिसला की जपान, सूटबूट दिसला की अमेरिका, एवढ्यावरच आपली ओळख परेड संपते.

'ट्रान्स-अमेरिका अल्ट्रा क्विझ'पासून सुरुवात करायला हवी. 1977 ते 1992 अशी सलग सोळा वर्षं तो चालला. नाव प्रश्नमंजूषेचं, पण प्रकार अफाट. पहिली फेरी स्टेडियममध्ये: विधान बरोबर की चूक, एवढंच सांगायचं आणि त्या बाजूला जाऊन उभं राहायचं. पुढच्या काळात टोकियो डोममध्ये वीस हजारांवर माणसं या एका फेरीसाठी जमत. उरलेल्यांची नारिता विमानतळावर दगड-कात्री-कागदाची लढत. मग विमानात लेखी परीक्षा, आणि ग्वाममध्ये तो प्रसिद्ध चिखल. समोर दोन कागदी पडदे, एकावर गोल, एकावर फुली. उत्तर ठरवायचं आणि धावत जाऊन पडदा फाडून पलीकडे उडी टाकायची. बरोबर असेल तर गादी, चूक असेल तर चिखल. जे टिकतील ते अमेरिका ओलांडत न्यूयॉर्कच्या अंतिम फेरीपर्यंत जाणार.

फजितीचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी हा पडद्याचा खेळ एकदा मन लावून पाहावा. उडी मारणारा कारकून असो की विद्यार्थी, तो आपल्या उत्तरावर अख्खा देह लावत असतो. चिखलात कुणी त्याला ढकललेलं नसतं. परदेशप्रवास सामान्य जपानी माणसाच्या आवाक्याबाहेर होता त्या दिवसांत एका उत्तराच्या जोरावर न्यूयॉर्क गाठण्याची ही संधी होती, आणि ती सर्वांना सारखी होती.

'ताकेशीज कॅसल'बद्दल आपल्या वाचकांना नव्यानं काय सांगायचं? 1986 ते 1990 या काळात टीबीएस वाहिनीनं योकोहामाजवळच्या मिदोरियामा इथल्या आवारात तो चित्रित केला. शंभरेक माणसांची पलटण, तिचा सेनापती हायातो तानी, आणि किल्ल्यात बसलेला सरदार म्हणजे ताकेशी कितानो. पुढे 1997 साली व्हेनिसला 'हाना-बी'साठी सुवर्णसिंह पटकावणारा दिग्दर्शक तो हाच. 1986च्या अखेरीस एका साप्ताहिकाच्या कचेरीवर त्यानं आपल्या चेल्यांसह हल्ला केला आणि तो काही काळ पडद्यावरून गायब झाला. तेव्हा कार्यक्रमात त्याच्या जागी भलंमोठं ताकेशी-मुंडकं घातलेला तोतया बसत असे. किल्ला चालू राहिला, कारण कार्यक्रम खरा त्या शंभर माणसांचा होता.

आपल्याकडे तो पोगो वाहिनीवर आला तोवर मूळ कार्यक्रम बंद होऊन चौदा-पंधरा वर्षं लोटली होती. जावेद जाफरीचं हिंदी समालोचन ही मला त्या दशकातली सर्वांत अस्सल भाषिक करामत वाटते. अमेरिकेत याच चित्रणाचा मूळ आवाज काढून टाकून, खोटी नावं चिकटवून 'एमएक्ससी' नावाची टवाळी केली गेली. जाफरीही मनचं बोलत होता, पण पडणाऱ्याच्या बाजूनं बोलत होता. दुपारी शाळेतून आलेली पोरं आणि त्यांचे आजोबा एकाच सोफ्यावर बसून हे पाहत. दोघांना एकाच क्षणी हसू येईल असं त्या काळात टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. त्या दिवसांत या कार्यक्रमावर लिहिलेला माझा लेख एका संपादकांनी 'विषय बालिश आहे' म्हणून परत केला होता. त्यातला झुलत्या पुलाचा खेळ मला आजही बालिश वाटत नाही. अरुंद पूल, पायाखाली तो हलतोय, बाजूनं तोफेतून चेंडू येताहेत, आणि माणसानं आधी एक सोनेरी चेंडू झेलायचा, मग तो छातीशी धरून पलीकडे जायचं. चेंडू झेलण्यासाठी दोन्ही हात दोरावरून काढावेच लागतात. भीती नेमकी कुठे बसते हे ज्यानं हा पूल रचला त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो.

1997 साली त्याच टीबीएसनं 'सासुके' सुरू केला आणि दुसऱ्या स्पर्धेपासून तो त्याच मिदोरियामात उभा राहिला. बाहेरच्या जगात तो 'निन्जा वॉरियर' म्हणून माहीत आहे. शंभर स्पर्धक, चार टप्पे. परीक्षक नाहीत, मतदान नाही. दुसऱ्या स्पर्धकाशी तुमची लढतच नाही, समोर फक्त लाकूड, लोखंड, दोर, पाणी आणि घड्याळ. सगळेच्या सगळे पडले तर त्या वर्षी विजेता नाही, आणि बहुतेक वर्षी तसंच होतं. 2020 पर्यंतच्या 38 स्पर्धांत चारही टप्पे पार करणारे चौघेच निघाले.

या चौघांच्या ओळखी पाहा. 1999 साली पहिल्यांदा जिंकलेला काझुहिको अकियामा खेकडे पकडणारा मच्छीमार, तोही अधू दृष्टीचा. दुसरा माकोतो नागानो, मासेमारी बोटीचा कप्तान. तिसरा युजी उरुशिहारा, बुटांच्या दुकानातला विक्रेता, जो दोनदा जिंकला. चौथा युसुके मोरिमोतो, संगणक अभियंता, 2015 आणि 2020 असा दोन वेळचा विजेता. स्पर्धक पुढे आला की पडद्यावर नावाबरोबर त्याचा व्यवसाय लिहून येतो आणि मग तो धावू लागतो. ऑलिम्पिकचे जिम्नॅस्टही इथे आले आणि पाण्यात पडले. पेट्रोल पंपावर काम करणारा कात्सुमी यामादा तर वर्षानुवर्षं येत राहिला. कधीही न जिंकता तो 'मिस्टर सासुके' झाला. सासुकेखेरीज माझ्याजवळ दुसरं काही नाही, असं कॅमेऱ्यासमोर सांगताना त्याचा चेहरा मी विसरू शकलेलो नाही.

तिसऱ्या टप्प्यातला 'क्लिफहँगर' जवळून पाहण्यासारखा आहे. भिंतीवर जेमतेम तीन सेंटीमीटर रुंदीची पट्टी. तिच्यावर बोटांची फक्त पेरं टेकतात, पाय अधांतरी. पट्टी मध्येच तुटते, पुढचा तुकडा वर किंवा खाली असतो आणि तिथे लोंबकळत झेप घ्यायची. मल्लखांब ज्यानं केला आहे किंवा जवळून पाहिला आहे त्याला इथे कुणी काही समजावून सांगायची गरज नाही. ताकद दंडात दिसते, पण निकाल पकड लावते, आणि पकड सुटण्याआधी खांदा खाली बसतो. मी स्पर्धकाचे खांदेच पाहतो.

आणि नागानोचं 2003 सालचं अपयश. शेवटचा बुरूज, तीस सेकंदांची मुदत. तो दोरावरून चढत माथ्यावर पोचला, बटण दाबलं, आणि कळलं की 0.11 सेकंद उशीर झाला. पुढची तीन वर्षं तो बोटीवर मासे पकडत आणि सराव करत राहिला. 2006 साली त्यानं तोच बुरूज वेळेत सर केला. कुठल्याही कथालेखकाला टीव्हीसाठी याहून चांगलं लिहिता आलं नसतं, आणि इथे तर कुणी लिहिलंच नव्हतं.

आता अमेरिकी नकलांचा 2008चा हंगाम भरभर ओलांडतो. 24 जूनच्या एकाच रात्री अमेरिकेच्या एबीसीनं 'वाइपआउट' आणि 'आय सर्व्हाइव्हड अ जॅपनीज गेम शो' असे दोन कार्यक्रम आणले. दुसऱ्यात अमेरिकन स्पर्धकांना टोकियोला नेऊन एका बनावट जपानी कार्यक्रमात खेळवलं होतं. पहिल्यावर टीबीएसनं नकलेचा दावा लावला आणि तो 2011 साली आपसांत मिटला. 'वाइपआउट'च्या देशोदेशीच्या आवृत्त्या ब्युनोस आयर्सच्या एकाच मैदानावर चित्रित होत. आपला 'जोर का झटका' त्यातलाच. शाहरुख खान सूत्रधार, 2011 साल, आणि स्पर्धक सगळे वाहिन्यांवरचे ओळखीचे चेहरे. पुढच्याच वर्षी तो दाखवणारी वाहिनी बंद पडली. मला त्या कार्यक्रमाचं दुःख वेगळं आहे. इतका खर्च करून, सातासमुद्रापलीकडे जाऊन आपण नक्कल केली, पण नकलेत पडण्याचा भाग तेवढा आला. खेकडेवाला आला नाही, बूटविक्या आला नाही.

विरोधक आता नासुबीचं उदाहरण काढतील, आणि काढावंच. 1998 साली निप्पॉन टीव्हीच्या 'देन्पा शोनेन'नं या विनोदी कलाकाराला एका खोलीत उघडं, एकटं ठेवलं. मासिकांतल्या बक्षीस-योजनांना पत्रं पाठवायची आणि त्यातून जे येईल त्यावर जगायचं. आपलं रोजचं जगणं देशभर दाखवलं जातंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हा क्रूरपणा होता, त्याला दुसरा शब्द नाही. पण सासुकेच्या स्पर्धकाला समोरचं पाणी दिसत असतं आणि नासुबीला कॅमेऱ्यामागचा देश दिसत नव्हता. या दोहोंना एका पिशवीत कोंबून 'जपानी विक्षिप्तपणा' अशी चिठ्ठी लावणारा समीक्षक मला आळशी वाटतो. सासुके ज्या मूळ कार्यक्रमातून निघाला त्यातही स्पर्धक गंभीर जखमी झाले आणि 2002 साली तो मूळ कार्यक्रम थांबवावा लागला. ती जबाबदारी आयोजकांची होतीच, आणि ती लपवून या प्रकारावर प्रेम करता येत नाही.

गंमत अशी, की आज जगानं नासुबीची वाट जास्त उचलली आहे. खोलीत कोंडा, कॅमेरे लावा, भांडू द्या. 'स्क्विड गेम'च्या काल्पनिक कथेत पैशाच्या अडचणीतल्या माणसांना मृत्यूच्या खेळात उतरवण्याचा धिक्कार होता. नेटफ्लिक्सनं 2023 साली तोच खेळ, मृत्यू वगळून, 456 खऱ्या माणसांना खेळायला लावला. मराठी वाहिन्यांवर स्पर्धा म्हणजे गाणं, नाच किंवा बंद घर. गाण्याच्या स्पर्धेतही गाण्याआधी घरच्या हालअपेष्टांची चित्रफीत, आईचे डोळे, सावकाश वाजणारं व्हायोलिन. नागानोचा व्यवसाय एका ओळीत लिहून यायचा, तेवढ्यात त्याचं घर, समुद्र आणि हातांचे घट्टे सगळं कळायचं.

आता 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनमधली घोडेस्वारी जाऊन तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत येते आहे आणि ती घडवताना संबंधित महासंघानं टीबीएसशी हातमिळवणी केली होती. म्हणजे 'बालिश' ठरवलेला प्रकार पदकापर्यंत पोचला. आमच्याकडे सातारा, पुणे, मुंबईच्या आखाड्यांत आणि व्यायामशाळांत दोरीच्या मल्लखांबावर लटकणारी मुलं-मुली आहेत, रत्नागिरीच्या बंदरात जाळी ओढणारे हात आहेत, सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणारे गट आहेत. एखाद्या मराठी वाहिनीनं कोल्हापूरच्या चित्रनगरीत किंवा गोरेगावात एकदा तरी असं मैदान बांधावं, अनुभवी अभियंते आणि डॉक्टर आधी नेमावेत, आणि प्रवेश सगळ्यांना खुला ठेवावा. परीक्षक नकोत, मतदान नको, नटनट्यांसाठी राखीव जागा नकोत. अर्ज एका पानाचा पुरे: नाव, वय, गाव. आणि व्यवसायाचा रकाना मात्र मोठा ठेवावा, पडद्यावर तोच जायचा आहे.